शांत पाण्यात बोट उलटते कशी? देवबाग आणि भिगवणच्या फेरीआधी जेटीवर काय बघायचं?

पानशेतकर (प्रश्न)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले २८ जण मालवणला निघालेत. २२ मोठे, ६ मुलं (५ ते ११ वर्षं), मोठ्यांपैकी दोघं सत्तरी ओलांडलेली. देवबागची बोटफेरी ठरली आहे: कर्लीच्या खाडीतून संगम, बाहेर डॉल्फिन, येताना त्सुनामी आयलंड. फेब्रुवारीत यातलेच दहा-बारा जण रोहित पक्षी बघायला भिगवणला, म्हणजे उजनीच्या फुगवट्यात.

फोनवर बोटवाल्याने सांगितलं, "सगळे एकाच बोटीत बसवतो, पैसे वाचतील." मला तिथेच खटकलं.

जॅकेट घालायचं, परवाना विचारायचा, दारू पिऊन चढायचं नाही, हे माहीत आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. थेक्कडी (३० सप्टेंबर २००९, ४५ मृत्यू), केरळातलं तानूर (७ मे २०२३, २२ मृत्यू), वडोदऱ्याचा हरणी तलाव (१८ जानेवारी २०२४, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका) या तिन्ही ठिकाणी वादळ नव्हतं. तलाव, धरण, खाडी. मग बोट गेली कशी? आणि हातात कुठलंही उपकरण नसताना, जेटीवरच्या पाच मिनिटांत, माझ्यासारख्याने नेमकं कशाकडे बघायचं?

नौकाशिल्पी

शांत पाण्यात उलटणारी बोट धक्क्यावरून सुटतानाच उलटायच्या बेतात असते. लाट लागतच नाही, निमित्त पुरतं.

बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचं अंग पाण्यात जास्त बुडतं, आणि पाणी तिथून तिला वर रेटतं. वजन मात्र मधूनच खाली ओढत असतं. या दोन जोरांमधलं आडवं अंतर बोटीला सरळ करतं. वजन जितकं उंचावर, तितकं हे अंतर कमी. एका मर्यादेपुढे ते उलट्या बाजूला जातं, आणि मग जो जोर बोट सावरत होता तोच तिला पालथी घालतो. म्हणून बोट हळूहळू उलटत नाही. कलते, थांबल्यासारखी वाटते, आणि मग एका दमात जाते.

आता आकडे. माणसांसकट ६ टनांची बोट धरा. २० माणसं, म्हणजे साधारण १,४०० किलो, खालच्या फळ्यांवरून २ मीटर वरच्या छतावर गेली. १,४०० गुणिले २ भागिले ६,००० केलं की अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य ४७ सेंटिमीटरने वर गेला. या मापाच्या बोटीकडे स्थिरतेची सगळी शिल्लक, म्हणजे उलटायच्या आधी गुरुत्वमध्य वर जायला उरलेली जागा, मिळून अर्धा ते एक मीटर असते. म्हणजे नुसतं वर चढण्यात निम्मी तरी संपली. तानूरची बोट मुळात मासेमारीची, तिच्यावर दुसरा मजला चढवलेला. मासेमारीच्या बोटीत जाळं, बर्फ, मासळी सगळं तळाशी असतं. तिचा सांगाडा त्या हिशेबाने बांधलेला असतो. वजन तळातून काढून डोक्यावर ठेवलं की ती बोटच वेगळी होते. रंग कितीही छान मारा.

एक माणूस फळीवरून नुसता उठून उभा राहिला तरी त्याचं वजन फूटभर वर जातं. एकाने फरक पडत नाही. चौदा जण एकदम उठून एका काठाकडे ७० सेंटिमीटर सरकले, तर १४ माणसं × ७० किलो × ०.७ मीटर, म्हणजे बोट कलवणारा जवळजवळ ७०० किलोग्रॅम-मीटरचा जोर. थेक्कडीला काठावरची जनावरं बघायला लोक एका बाजूला गेले होते. तुमच्या फेरीत ती जागा डॉल्फिन घेणार.

तिसरी गोष्ट फार जण धरत नाहीत: तळातलं पाणी. ५ मीटर लांब, १.८ मीटर रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ९०० किलो भरतं. तेरा माणसं तिकीट न काढता चढली म्हणा. शिवाय ती जागेवर बसत नाहीत. बोट डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं. हा परिणाम पाण्याच्या खोलीपेक्षा रुंदीवर जास्त अवलंबून असतो, रुंदीच्या घनावर. त्यामुळे तीन-चार बोटं पाणीसुद्धा तळभर पसरलं की घात करतं. तळात लांबीच्या दिशेने मधोमध एक आडोसा असला तर परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. पण पर्यटनाच्या साध्या फायबर बोटींत तो सहसा दिसत नाही.

म्हणून जेटीवर तिकिटाआधी काठ बघा. सगळे बसल्यावर, काठ सगळ्यात खाली असेल त्या जागी, त्याच्यापासून पाण्यापर्यंत किती वीत उरते? एकच वीत उरत असेल तर उतरा, वाद घालत बसू नका. दोन विती असतील तर शांत खाडीपुरतं ठीक, संगमाबाहेर नाही. मग तळाच्या फळ्यांखाली डोकावा. ओलसर असणं साहजिक आहे. पाणी हलताना दिसलं, तर "हे आधी उपसा, मग बसतो" म्हणा. उपसायला डबा किंवा पंप आहे का, तेही तिथेच कळेल.

तुमचे २८ म्हणजे मोठे २२ × ७० आणि मुलं ६ × २५, मिळून १,६९० किलो, वर तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी. दोन बोटी करा. तीन केल्यात तर तुमची डॉल्फिनची दंगलही तीन भागांत वाटली जाईल.

देवबागचो

वरचो हिशेब बरोबर. पण पाणी कधी शांत आसा आणि कधी नाय, ह्या पण बघूक व्हया. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

डिसेंबरात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी तेलासारखं असतं. अकरा-बारानंतर तो पडतो आणि खारा वारा समुद्राकडून सुरू होतो, दुपारी जोर धरतो. सकाळी आठला जिथे पोरं पाण्यात हात घालून बसतात, तिथेच दोनला तोंडावर फवारे येतात. वारा पडला म्हणून खूश होऊ नका, तो फक्त बाजू बदलत असतो.

त्यात ओहोटी मिसळली की संगमावर खरी गंमत. कर्लीचं पाणी बाहेर धावतंय आणि वारा-लाट आत येतेय, म्हणजे दोघं समोरासमोर. लाटेची लांबी आखडते, उंची वाढते, ती उभी राहते आणि मुखाशी वाळूवर फुटते. तीच लाट भरतीच्या पाण्यावर नुसती डुलवून जाते.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर १० गुणिले पाऊण, साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण भरती, मग दीड-पावणेदोनपर्यंत ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणात पाणी त्याच्या थोडं आधी चढतं. दशमीला बारा ते दीड या वेळात संगमाबाहेरून आत येणं, म्हणजे ओहोटी आणि खारा वारा एकत्र. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. तुमची तारीख घ्या, कालनिर्णय उघडा, पाऊणपट करा. नाहीतर भरतीचं कोष्टक बघा. काही झालं तरी सकाळी साडेसात-आठला निघून साडेदहाच्या आत खाडीत परत, असंच ठरवा. "दुपारची फेरी स्वस्त" याचं कारण आता कळलं असेल.

त्सुनामी आयलंड हे बेट कमी आणि वाळूचा पट्टा जास्त. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. कमरेएवढ्या पाण्यात पोरं उभी असतात, कडेला एकदम खोल आणि पाण्याला ओढ. तिथे पोहायचा कार्यक्रम करू नका, आणि बोट सोडताना ती परत न्यायला किती वाजता येणार हे घड्याळात बघून ठरवा.

इंजिनाचं: आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) सुरू केल्यावर मागच्या बाजूला पाण्याची बारीक पिचकारी उडते. ती दिसली पाहिजे. नसेल तर थंड करणारं पाणी फिरत नाही, इंजिन थोड्याच वेळात तापून बंद पडणार, आणि ते बंद पडायला नेमकी संगमाची जागा निवडतं. इंधनाचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. टाकी हलवून बघितली तरी अंदाज येतो.

नांगर आहे का विचारा, आणि त्याला दोर किती ते बघा. ५ मीटर पाण्यात २५ मीटर तरी दोर सोडावा लागतो, नाहीतर नांगर नुसता घसरत जातो. इंजिन बंद पडलं तर नांगर नाळेवरूनच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून टाकायचा, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. मागून टाकला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली मागची बाजू लाटेकडे होते आणि दोन-तीन लाटांत बोट भरते. माणसं घाबरली की हाताला जवळ म्हणून मागूनच टाकतात. तेव्हा निघतानाच बघून घ्या, नांगर पुढे ठेवलाय की मागे जाळ्याखाली.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. हंगाम बंद व्हायच्या तोंडावरचे ते दिवस. मेअखेरीस जलक्रीडा बंद करतात ती उगाच नाही. तुम्ही डिसेंबरात येताय, ते बरंच आहे.

शिट्टी_आणि_दोरी

जॅकेट घालायचं माहीत आहे, असं लिहिलंत. कुठलं?

जॅकेट म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ५० न्यूटनचं, म्हणजे साधारण ५ किलो उचलणारं. हे पोहता येणाऱ्या, शुद्धीत असलेल्या माणसासाठी, काठाजवळ. १०० न्यूटनचं आडोशाच्या पाण्यासाठी. १५० न्यूटनचं खुल्या समुद्रासाठी. बेशुद्ध माणसालाही ते बहुधा उताणं करतं. माणसाचं डोकं पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते, बाकीचं अंग पाणीच पेलतं. म्हणून ५० वाल्याने माणूस तरंगतो खरा, पण तोंड वर राहील याची हमी नाही. आजी-आजोबांना आणि पोहता न येणाऱ्यांना मानेमागे कॉलर असलेलं, १०० च्या पुढचंच मागा. आकडा आतल्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टीच नसेल तर ती नारिंगी बंडी समजा.

पट्टी धुवून गेली असेल आणि आदल्या दिवशी वेळ असेल तर एक सोपी चाचणी आहे. किराणा दुकानातलं ५ किलोचं लोखंडी माप जॅकेटला बांधून पाण्यात सोडा. लोखंड पाण्यात आठव्या हिश्शाने हलकं होतं, म्हणजे खालून ओढ सुमारे ४.४ किलोची. एवढ्याने जॅकेट बुडत असेल तर माणसाला ते नको. जेटीवर एवढं जमणार नाही, तिथे अंगठ्याने फोम दाबा. दाबलेला खळगा भरून आला पाहिजे. आत चुरा झाल्यासारखा आवाज आला तर बाजूला टाका. मग पट्टे जोराने ओढा. उन्हाने दोरा कुजतो, शिवण हातात येते.

घातल्यावर सगळे बंद लावा, आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांजवळून जॅकेट वर उचलायला सांगा. कडा कानापर्यंत आली तर सैल आहे. पाण्यात जॅकेट वर जाईल, माणूस खाली. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर २० किलोचं पोर त्यातून अलगद निसटतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला दोरीने आवळून घालणं हा प्रकार जेटीवर रोज दिसतो. तो चालत नाही. ६ मुलांची वजनं आत्ताच मोजून बोटवाल्याला कळवा आणि त्या मापाची जॅकेटं आहेत का ते फोनवरच विचारा.

"मला पोहता येतं" हे उत्तर कुणाचंही चालवून घेऊ नका. बोट उलटताना छताचा पाइप डोक्यात बसतो, साडी-ओढणी पायात गुंतते, पोहणं नंतर आठवतं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीत, बोटिंगमध्ये बुडून गेलेल्या आणि जॅकेटची नोंद असलेल्या लोकांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात ते नव्हतं. त्यातल्या कित्येकांच्या बोटीत ते असणारच, फळीखाली पोत्यात. जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. प्रयत्न करून बघा, पोहण्याच्या तलावात, खोल बाजूला, दुसऱ्या कुणाला उभं करून.

पानशेतकर

दोन बोटी पक्क्या. आजच बोटवाल्याला कळवतो. तिथीचा हिशेब लावला तर आमचा शनिवार बारा-दीडच्याच घोळात अडकत होता, म्हणून सकाळची वेळ मागितली.

दोन शंका. छत असलेल्या बोटीत जॅकेट घालून बसलो आणि बोट पालथी झाली, तर जॅकेटच आपल्याला आत अडकवणार नाही का? आणि मुलांना जेट स्की, बनाना राइड करायची आहे, त्याचं काय?

नौकाशिल्पी

पहिली शंका रास्त आहे. पालथ्या बोटीखाली जॅकेट तुम्हाला वर, म्हणजे उलट्या झालेल्या तळाकडे रेटतं, आणि बाहेर यायला आधी खाली बुडी मारावी लागते. बंद केबिन, काचा, दोन्ही बाजूंना बांधलेले ताडपत्रीचे पडदे असतील तर हा धोका खरा आहे.

शिट्टी_आणि_दोरी

नौकाशिल्पी, तत्त्व मान्य. पण हे वाक्य अर्धं वाचून लोक जॅकेट काढून ठेवतील. बाजू उघड्या असलेल्या बोटीत, नुसतं वर छत असलं तरी, अंगात जॅकेटच हवं. बंद केबिनमध्ये बसायचंच नाही, हा त्यावरचा उपाय. पडदे सोडलेले असतील तर बसायच्या आधी गुंडाळून वर बांधायला लावा. उन्हाला टोपी आहे.

नौकाशिल्पी

पडद्यांचं एकदम कबूल. आणखी एक कारण: सोडलेला पडदा म्हणजे बाजूने लावलेलं शीड. वारा आला की पहिला धक्का तोच घेतो.

हिरवा_उजवीकडे

टकरींबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. प्रवासी बोटीत शंभराहून अधिक माणसं होती, एकूण १५ जण गेले. अशा वेळी प्रवाशाच्या हातात एकच गोष्ट असते: जॅकेट आधीपासून अंगात असणं. बाकी सगळं चालवणाऱ्याच्या हातात.

चालवणाऱ्यासाठी नियम मोजकेच आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा काटकोनात येत असतील तर ज्याला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते त्याने वाट द्यायची. मागून ओलांडणाऱ्याने पुढच्यापासून लांब राहायचं. टक्कर होणार का हे ओळखायची खूण: समोरची बोट आणि आपल्या बोटीवरचा एखादा खांब एका रेषेत धरा. अंतर कमी होतंय आणि ती त्या खांबापासून हलत नाही, म्हणजे तुम्ही दोघं एकाच बिंदूवर पोहोचणार. समुद्रात ब्रेक नसतो, ही गोष्ट मोटारीची सवय असलेल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

जेट स्कीचा घोळ इथेच आहे. तिला सुकाणू नसतं. मागून निघणारा पाण्याचा झोतच तिला वळवतो. समोर काही आलं की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. थ्रॉटल सोडलं म्हणजे झोत गेला, झोत गेला म्हणजे वळण गेलं, आणि जेट स्की सरळ जाऊन आदळते. थ्रॉटल थोडं चालू ठेवूनच वळायचं असतं, पण ते पहिल्या पाच मिनिटांत अंगी बाणत नाही. मुलांना हँडल देऊ नका. मागे बसवायचं तर चालवणारा तिथला असू द्या, आणि पोहणाऱ्यांपासून लांब.

किल स्विचची दोरी बघा. लाल, गुंडाळीच्या वायरसारखी, एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. तो फेकला गेला की इंजिन बंद. दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली असते, कारण "मध्येमध्ये बंद पडतं". आउटबोर्ड बोटीत ती नसेल आणि चालक पडला, तर इंजिन आपोआप एका बाजूला वळतं, बोट गोल फिरून पडलेल्याच माणसावर परत येते, पंखा फिरत असतानाच. तांडेलला विचारायला लाजू नका.

बनाना राइडला ओढणाऱ्या बोटीत दोन माणसं हवीत. एक पुढे बघणारा, एक मागे. एकटा चालक मागे बघत पुढे जातो. पडलेल्यांना उचलताना इंजिन न्यूट्रल नव्हे, बंद. न्यूट्रलमध्ये एका कोपराचा धक्का पुरतो.

भिगवणकाठ

उजनीचं वेगळं लिहितो, कारण समुद्राचे आडाखे इथे चालत नाहीत.

फेब्रुवारीत पाणी बरंच उतरलेलं असतं, रोहित येतात तेही उथळ चिखलासाठीच. धोका बुडालेल्या गावांचा. भिंती, बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे सांगाडे पाण्याच्या वीतभर खाली असतात. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी खाली गेलं की वर येतं, ते सगळ्यांना दिसतं. न दिसणारी घरं जास्त आहेत. म्हणून वाट माहीत असलेला स्थानिक नावाडीच घ्या, आणि पक्ष्यांच्या मागे बोट पळवायला लावू नका. जोरात आपटलेली लहान बोट कलली की बसलेले सगळे त्याच बाजूला फेकले जातात.

तुमच्या तारखेला वारं बहुतेक शांत असेल. पण एप्रिल-मेत कुणी जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते, एक पोहून आला, सहा गेले. वळवाचं वारं दहा मिनिटांत उठतं. खुणा अशा: दुपारनंतर एका बाजूला काळाभोर ढग चढतो, चालू असलेलं वारं एकदम पडतं, मग ढगाकडून गार झुळूक येते, काठावर धुळीचा पडदा दिसतो. गार झुळूक लागली की मोजके क्षण हातात असतात. जिथे जायचंय तो काठ सोडा, जो जवळ आहे तो धरा. नाहीच जमलं तर पडदे-ताडपत्री उतरवा, सगळ्यांना फळ्यांवरून तळात बसवा, नाळ वाऱ्याकडे, इंजिन हळू. बाजू वाऱ्याला दिली की संपलं.

बोट उलटलीच तर बोट सोडू नका. बहुतेक फायबर आणि लाकडी बोटी पालथ्या होऊनही तरंगतात. काठ जवळ दिसतो, पण पाण्यातून अंतर नेहमी कमीच वाटतं. धरून राहा, माणसं मोजा, मुलं मधे घ्या.

शिट्टी_आणि_दोरी

माणसं मोजण्यावरून: चढतानाच नावांची यादी करा आणि तिची एक प्रत काठावर थांबणाऱ्याकडे ठेवा. किती शोधायचे हे माहीत नसलं की शोध फुकट जातो. फोन एकाचा तरी प्लास्टिकच्या बंद पिशवीत, गळ्यात. समुद्रात तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, कुठूनही ११२. आधी जागा सांगा, मग माणसं किती, मग काय झालं. फोन मध्येच कटला तर निदान जागा पोहोचलेली असते.

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, हात बाजूला पाणी दाबत असतात, लांबून तो मजेत उभा आहे असं वाटतं. त्याच्यामागे उडी मारू नका. दोरी, वल्हं, रिकामा बंद कॅन, काहीही फेका. बोटीत १५-२० मीटर तरंगणारी दोरी असली तर निम्मं काम झालं. वर ओढताना बाकीच्यांनी विरुद्ध बाजूला बसायचं, सगळे मदतीला धावले की दुसरी बोट तिथेच उलटते.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. पोटातलं पाणी काढल्याने फुप्फुसाला काही मिळत नाही, उलटी मात्र श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर उताणा झोपवून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असंच चालू ठेवा. शुद्धीवर आला, खोकतोय, "मी बरा आहे" म्हणतोय, तरी दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पानशेतकर

सोसायटीच्या ग्रुपवर सगळं टाकलं. मुलांची वजनं मोजून झाली, १८ ते ३४ किलो. बोटवाल्याने सांगितलं की लहान मापाची चारच जॅकेटं आहेत. मी म्हटलं, मग मुलांच्या दोन फेऱ्या. कुरकुरला, पण मानला. "हंगामात असले प्रश्न कुणी विचारत नाही" हेही ऐकवलं. परवान्याच्या कागदावर महाराष्ट्र सागरी मंडळाचा शिक्का आणि प्रवासीसंख्या आहे, तोही फोटो मागवलाय. उजनीसाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खालची नोंदणी विचारणार आहे.

शेवटचं: आजींचे गुडघे दुखतात, फळीवर बसता येत नाही. तो म्हणतो प्लास्टिकची खुर्ची ठेवतो. चालेल ना?

देवबागचो

प्रवासीसंख्या कागदावरची आणि नाळेवर रंगवलेली एकच आहे का, ते बघा. कधीकधी ती रंगात वाढते.

आजींना चढवताना बॅग-पर्स आधी दुसऱ्याकडे, दोन्ही हात मोकळे. पाय काठावर नाही, थेट मधोमध, आणि खलाशाचा हात नव्हे, मनगट धरायचं. मधल्या फळीवर, बोटीच्या रुंदीच्या मध्यावर बसवा, खाली जाड उशी घाला, पाठीशी घरातलं कुणीतरी.

खुर्ची नको. ओल्या फायबरवर ती साबणासारखी सरकते, आणि सरकते ती त्याच बाजूला, जिकडे बोट आधीच झुकलेली असते.